ऊन आणि ऊब

जबलपूरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला काही शब्दांचे अर्थ आयुष्यभर दोनदा तपासून घ्यावे लागतात. ‘ऊन’ हा त्यांपैकी एक. मराठीत ऊन म्हणजे सूर्याचा ताप. हा शब्द संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. तिचे मूळ ‘ऊर्णा’ या शब्दात आहे. ‘ऊब’ या शब्दाची गत तर याहून विलक्षण. मराठीत तो अंगाला आणि मनाला हवीशी वाटणारी सौम्य उष्णता सांगतो, तर हिंदीत त्याचा अर्थ होतो कंटाळा. आमच्या लहानपणी डिसेंबरच्या सकाळी आई ‘अंगणात ऊन आलं, बाहेर बसा’ म्हणून हाक मारी, आणि त्याच अंगणाच्या कडेला शेजारच्या चाची मांडीवर ऊन घेऊन स्वेटर विणत बसलेल्या असत. दोघींना एकमेकींचे बोलणे समजे आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगे वाटत नसे.

असे अंगण या शहरात असावे याला इतिहास आहे. हा मुलूख १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेला, तो नागपूरकर भोसल्यांकडून. पुढे मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर; आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात नांदली. कचेऱ्या, शाळा, न्यायालये यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथेच रुजली. सीमा बदलल्या तरी अंगणे बदलली नाहीत. त्यामुळे दोन भाषांत एकाच ध्वनीचे दोन अर्थ घेऊन जगणे ही आमच्यासाठी विद्वत्तेची बाब नसून नित्याची सवय आहे. तथापि या दोन शब्दांमधील अंतर मला खरोखर उमगले ते सापांमुळे, असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. ते कसे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

ग्वारीघाट हा शहराच्या दक्षिण अंगाला, नर्मदेच्या उत्तर तीरावरचा घाट. पैलतीरी गुरुद्वारा, पात्रात पाण्याने वेढलेले नर्मदेचे लहानसे मंदिर, काठाला लागलेल्या नावा, परिक्रमेला निघालेली माणसे आणि संध्याकाळची आरती हे त्याचे परिचित रूप. पूर्वी या पायऱ्यांवर गारुडीही दिसत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि नाग पेटारीत बाळगणे हा अपराध ठरला, तरी तो व्यवसाय एका दिवसात नाहीसा झाला नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले, त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. एका जानेवारीत, सकाळी आठच्या सुमारास, असाच एक म्हातारा गारुडी मला पायऱ्यांवर भेटला. जबलपूरच्या जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो; नदीवरून येणारा वारा हाडांत शिरतो. म्हाताऱ्याने स्वतःच्या खांद्यावरची कांबळी काढून पेटारीवर गुंडाळली होती आणि स्वतः तो कुडकुडत बसला होता.

मी म्हटले, “दादा, कांबळी तुम्ही पांघरा की.” तो म्हणाला, “बाबूजी, माझं काय, मी चहा पिईन. याला कोण चहा पाजणार?”

या उत्तरातील माया खोटी नव्हती. ज्या माणसाने त्या नागाचे दात काढले असतील, त्याला उपाशी ठेवले असेल, न पचणारे दूध पाजले असेल, त्याच माणसाने थंडीत स्वतःचे पांघरूण त्याला दिले होते. क्रौर्य आणि माया एकाच हातात असू शकतात, हे आपण माणसांच्या घरांतही पाहतो. परंतु पुढे सापांविषयी थोडे वाचन झाले तेव्हा जाणवले की त्या मायेचा नागाला काडीमात्र उपयोग नव्हता.

याचे कारण साधे आहे. पांघरूण उष्णता निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. आपण कांबळी पांघरतो तेव्हा गरम होते ती आपल्याच देहाच्या भट्टीमुळे; अन्न जाळून रक्त सदतीस अंशांवर राखणारी ही भट्टी सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना मिळालेली आहे. सापाला ती नाही. विश्वकोशाच्या परिभाषेत तो ‘अनियततापी’ प्राणी. त्याला थंड रक्ताचा म्हणण्याची रूढी आहे, पण तीही फसवी आहे; दुपारी खडकावर पहुडलेल्या धामणीचे रक्त आपल्या रक्ताइतकेच कोमट असू शकते. तिचे रक्त थंड नसते, उसने असते. खडकाकडून, मातीकडून, सूर्याकडून ती ऊब उचलते आणि काम झाले की सावलीत जाऊन परत करते. अशा प्राण्याभोवती गार पहाटे लोकर गुंडाळली तर लोकर तितक्याच निष्ठेने आतला गारवा जपून ठेवते. बाहेर ऊन चढू लागले तरी ते आत पोहोचत नाही. म्हाताऱ्याने नागाला हिंदीतले ऊन दिले होते; नागाला हवे होते मराठीतले.

हे उसने घेणे सापाच्या दृष्टीने चैनीचे नाही. भक्ष्य गिळल्यावर ते पचवणारे पाचकरस ठरावीक उष्णतेलाच नीट काम करतात. थंडी पडली तर गिळलेले तसेच राहते, पोटात कुजू लागते, आणि साप ते ओकून टाकतो. रोगाशी झुंजण्याची शक्तीही उष्णतेवर अवलंबून असते. गारठ्यात ठेवलेल्या सापाच्या फुप्फुसात संसर्ग होतो, त्याला श्वास घेताना तोंड उघडावे लागते. रानातल्या सापाला याची चिंता नसते, कारण त्याला जागा बदलता येते. हिवाळ्यात तो बिळात, कपारीत किंवा वारुळात उतरतो. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, त्याच न्यायाने भूमीच्या पोटात ऋतूंचा कडकपणा पोहोचत नाही. नागपंचमीला आपल्या स्त्रिया ज्या वारुळाची पूजा करतात, ते सापाने बांधलेले नसते. मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या वाळवीने बांधलेले असते. साप तेही उसनेच घेतो. सारांश, रानात सापाचे घर म्हणजे एक स्थान नव्हे. ऊन, सावली, खडक, बीळ अशा अनेक स्थानांमधली ये-जा म्हणजे त्याचे घर. पेटारीत पहिल्याच क्षणी हरवते ती ही ये-जा.

आता दुसऱ्या सापाविषयी. ग्वारीघाटच्या रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने घरी एक आफ्रिकी अजगर पाळलेला आहे. देशी साप पाळण्यास कायद्याने मनाई आहे. हा परदेशी जातीचा, बॉल पायथन नावाचा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा जेमतेम चार-पाच फुटांचा, बिनविषारी प्राणी भय वाटले की डोके आत लपवून स्वतःचा चेंडू करून घेतो, म्हणून त्याला हे नाव. अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचे बंधन अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी घातले आहे. त्याप्रमाणे त्याने नोंद केलेली आहे. परदेशी प्राणी घरात असावा की नसावा याविषयी माझे मत त्याला ठाऊक आहे आणि ते अनुकूल नाही. तरीसुद्धा बहिणीच्या लग्नासाठी अकोल्याला जाताना त्याने आठ दिवसांसाठी तो माझ्याकडे आणून ठेवला, कारण त्याच्या मते पुस्तके सांभाळणारा माणूस साप अधिक नीट सांभाळील. दोघांनाही हलवलेले आवडत नाही, असे तो म्हणाला.

पेटी काचेची होती. एका टोकाला तळाशी विजेवर तापणारी पातळ चटई, तिला तापमान ठरावीक ठेवणारे यंत्र जोडलेले, दोन टोकांना दोन तापमापके, मध्ये पाण्याचे पसरट भांडे, आणि दोन्ही टोकांना लपण्यासाठी एकेक पालथे मडके. सोबत सूचनांचा कागद होता. त्यात पहिले वाक्य असे : एका टोकाला ३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६. मी सहज विचारले, “अरे, ३२ अंश त्याला मानवतात ना? मग सगळ्या पेटीतच ३२ का ठेवत नाहीस? त्याला कुठेच थंडी वाजायला नको.”

तो म्हणाला, “सर, सगळीकडं बत्तीस केलं, तर त्याला नको असेल तेव्हा तो जाईल कुठं?”

हा प्रश्न मला पुढे फार दिवस पुरला.

चौथ्या रात्री एक वाजता वीज गेली. बाहेर थंडीची लाट होती. काच हा उष्णता राखणारा पदार्थ नव्हे, आणि अर्ध्या तासात उबेच्या टोकाचा पारा २७ वर, गार टोकाचा २१ वर आला. माझी पत्नी शाल घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, याला पांघरूण घालू या का?” शाल सापावर घालून भागणार नाही, हे मी तिला सांगितले, घाटावरच्या म्हाताऱ्याची कांबळी मला आठवत होती. मग तिनेच मार्ग काढला. शेकायची रबरी पिशवी आणि दोन बाटल्या तिने गरम पाण्याने भरल्या, टॉवेलात गुंडाळल्या, आणि त्या पेटीच्या एकाच टोकाला, मडक्याच्या बाहेरच्या अंगाला लावून ठेवल्या. त्यानंतर शाल कामाला आली. हवेला वाट ठेवून ती आम्ही पेटीवर पसरली; आता आत उष्णतेचा झरा होता, म्हणून तो राखणाऱ्या लोकरीला अर्थ होता. आधी मराठी ऊन, मग हिंदी ऊन, असा तो क्रम होता.

दर दोन तासांनी पाणी बदलत आम्ही पहाटेपर्यंत जागलो. सुमारे तासाभराने गार टोकाच्या मडक्यातून साप बाहेर आला. त्याने जीभ काढून हवा चाचपली, भिंतीच्या कडेने सरकत तो उबेच्या टोकाला गेला आणि पिशवीला अंग लावून पडला. पिशवी आम्ही त्याच्याजवळ नेली नव्हती आणि त्याला उचलून तिच्याजवळ ठेवलेही नव्हते. साडेचारच्या सुमारास, ताजे पाणी भरल्यावर, तो पुन्हा थोडा मागे सरला. अर्धे अंग उबेत आणि अर्धे बाहेर, असा स्थिरावला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते असे मी लिहिणार नाही. सापाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. मात्र त्याने दोनदा निर्णय घेतला होता आणि दोन्ही वेळा तो घेता येईल एवढी जागा त्या पेटीत होती, हे मी पाहिले. सहाच्या पुढे वीज आली.

या रात्रीने मला महाभारतातल्या एका प्रसंगाकडे नव्याने वळवले. वनपर्वातील नलोपाख्यानात राज्यभ्रष्ट नल अरण्यात वणवा पाहतो, आणि त्या आगीतून त्याला हाक ऐकू येते. आत कर्कोटक नाग वेटोळे घालून पडलेला असतो. नारदाच्या शापामुळे त्याला एक पाऊलभरही हलता येत नाही. नल त्याला उचलून बाहेर आणतो. पुढे दहाव्या पावलाला नाग त्याला दंश करतो, आणि तो दंशही अखेर हिताचाच ठरतो. या कथेचा विचार आपण बहुधा नलाच्या रूपांतराच्या अंगाने करतो. मी आता कर्कोटकाच्या शापापाशी थांबतो. नागाला द्यावयाचा कठोरात कठोर शाप कोणता, याचे उत्तर कथाकाराने नेमके दिले आहे : ताप वाढत असताना हलता न येणे. विष काढून घेणे किंवा फणा खुंटवणे हे शाप याच्यापुढे सौम्य होत. ज्याचे सारे जीवन तापाकडे जाणे आणि तापापासून दूर होणे यांवर चालते, त्याला एका जागी खिळवणे म्हणजे त्याचे नागपणच काढून घेणे होय.

पाळलेल्या सापांच्या बाबतीत हा शाप आजही घडतो, आणि तो घडवणारे बहुधा प्रेमळ लोक असतात. थंडी वाजू नये म्हणून संपूर्ण पेटी तापवतात. साप तोंड वासून गार कोपरा शोधतो आणि तो नसतो. बाकीची पेटी गार असताना मध्ये विजेवर तापणारा दगड ठेवतात. साप त्याच्यावरून हटत नाही आणि पोटाची कातडी भाजून घेतो. झाकण लावलेली काचेची पेटी कौतुकाने उन्हात ठेवतात; चाळीस अंशांच्या पुढे आत काय होते, ते बाहेरून समजेपर्यंत उशीर झालेला असतो. थंडीने साप हळूहळू खंगतो, उष्णतेने मात्र तो तासाभरात मरतो.

याउलट ज्यांना सापांबरोबर दीर्घकाळ काम करावयाचे असते, ते सापाची ये-जा जेवढी राखता येईल तेवढी राखतात. तमिळनाडूत इरुळ जमातीच्या लोकांनी १९७८ साली सहकारी संस्था स्थापन केली. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक आता प्रतिविषासाठी विष पुरवतात. पकडलेला साप ते वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात, वर कापड बांधतात, काही आठवडे त्याचे विष घेतात आणि मग त्याला रानात सोडून देतात. श्वास घेणारी माती एरव्ही त्याला बिळात मिळणारा सौम्यपणा थोडाफार देते. तरी या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग मडके नव्हे, शेवटी उघडे होणारे रान आहे, असे मला वाटते.

साप ऊब केवळ उसनी घेतो, या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच भूभागातल्या अजगरांचा आहे. मादी अंड्यांभोवती वेटोळी घालते, आणि हवा गार झाली की तिच्या देहाचे स्नायू पुन्हापुन्हा आकसू लागतात. आपण थंडीत कुडकुडतो तसे. त्या श्रमातून उष्णता उपजते. १८४१ साली पॅरिसमध्ये वालांसियेन यांनी अशा अजगरमादीचे तापमान मोजले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर झालेल्या अभ्यासात, हवा जसजशी गार होई तसतसे तिचे आकसणे वाढे, आणि तिचा देह भोवतालापेक्षा काही अंशांनी उबदार राही, असे दिसून आले. या दोन-अडीच महिन्यांत ती काही खात नाही. स्वतःसाठी जी भट्टी निसर्गाने तिला दिली नाही, ती अंड्यांसाठी ती स्वतःचे अंग झिजवून पेटवते. विद्यार्थ्याच्या आफ्रिकी अजगराच्या जातीतली मादीही अंड्यांभोवती वेटोळी घालते, परंतु तिला हे कुडकुडणे साधत नाही. ती केवळ पांघरूण होते.

ग्वारीघाटापासून नदीच्या प्रवाहाबरोबर काही कोस गेले की लम्हेटाघाट लागतो. डायनोसॉरांच्या अस्थी ज्या खडकांत सापडतात त्या थरांना भूविज्ञानात याच घाटाचे नाव आहे. १८२८ साली स्लीमन यांना जबलपूरच्या टेकडीवर मिळालेल्या अस्थी याच थरातल्या. हे थर नर्मदेच्या कडेने दूर गुजरातेपर्यंत गेले आहेत. आणि तेथे, ढोली डुंगरी या ठिकाणी, नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरांचे एक घरटे मिळाले. २००१ मध्ये त्यातील काही मणके सापाचे असल्याचे ध्यानात आले आणि २०१० साली तो शोध प्रसिद्ध झाला. फुटलेल्या अंड्याभोवती सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप वेटोळे घालून पडलेला, शेजारी अर्ध्या मीटरचे डायनोसॉरचे पिल्लू, आणि तिघांवर एकदम कोसळलेला गाळ. काळ पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. हे वेटोळे मात्र उबवण्यासाठी नव्हते; साप शिकारीला आला होता. २०२४ मध्ये कच्छमधील पानंध्रोच्या कोळशाच्या खाणीतील मणक्यांवरून ‘वासुकी’ हे नाव मिळालेला अकरा ते पंधरा मीटर लांबीचा साप प्रकाशात आला. ज्याचा देह भोवतालच्या उष्णतेवर चालतो तो किती मोठा होऊ शकेल हे हवाच ठरवते. म्हणून त्याच्या मणक्यांच्या आकारावरून पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या कच्छचे सरासरी तापमान २८ अंशांच्या आसपास असावे, असा अंदाज संशोधकांनी बांधला. सापाच्या हाडांत त्या काळचे ऊन साठून राहिले आहे. आपल्या हाडांवरून असे सांगता येणार नाही; आपण आपला ऋतू स्वतःबरोबर घेऊन फिरतो.

नर्मदेचा आणि नागांचा संबंध पुराणांनीही जोडला आहे. विष्णुपुराणात नर्मदा ही नागांची भगिनी. गंधर्वांनी पीडलेल्या नागांच्या साहाय्यार्थ ती पुरुकुत्साला पाताळात घेऊन जाते. त्या उपकारासाठी नाग तिला वर देतात की, जो तिचे स्मरण करील त्याला सर्पविषाचे भय राहणार नाही. माणसाला नागांपासून अभय देणारी ही कथा या तीरावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नागाला माणसापासून अभय मिळावे, यासाठी मात्र १९७२ पर्यंत थांबावे लागले. आणि ते मिळाले तेव्हा घाटावरच्या म्हाताऱ्याच्या पोटाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. नाग रानात गेला हे योग्यच झाले. ज्याने स्वतःची कांबळी त्याला पांघरली, त्याच्यासाठी उबेची दुसरी जागा कोणी केली नाही, हे योग्य झाले नाही.

माघ शुद्ध सप्तमीला ग्वारीघाटावर नर्मदेची जयंती साजरी होते, आणि त्याच दिवशी आमच्या घरात रथसप्तमी असते : पाटावर सूर्याचा रथ, अंगणात उतू जाणारे दूध. याच सुमारास थंडी सरू लागते आणि काठच्या कपारींतले साप बाहेर येऊन खडकांवर अंग टाकतात. विद्यार्थ्याने आपला साप नेला त्याला आता बरेच दिवस झाले. एखाद्याला ऊब द्यावयाची म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी आता एवढेच सांगेन की, एका टोकाला ती ठेवावी, दुसरे टोक मोकळे राखावे, आणि मधल्या अंतरात त्याला जाऊ-येऊ द्यावे. असे अंतर जिथे नसते, तिथे मराठीतली ऊब पाहता पाहता हिंदीतली होते.